शिपायांच्या मुलखातली साहेबांची शाळा

आमच्या माण-खटावकडं जुनी माणसं म्हणायची, इथं दोनच पिकं येतात. एक बाजरी आणि दुसरं मिलिटरी. बाजरी पावसाच्या मर्जीवर, मिलिटरी मात्र दरसाल. भरती निघाली की गावचे दहा-बारा गडी चटणी-भाकरी बांधून निघायचे. दोघं-तिघं लागायचे, बाकीचे परत येऊन पुन्हा नांगराला. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला तर ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच नाव पडलं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले.

पण या पिकाला एक मर्यादा होती. आमच्या गावांनी शिपाई दिले, नाईक-हवालदार दिले, फार झालं तर सुभेदार दिले. साहेब दिले नाहीत. इंग्रजांच्या राज्यात बराच काळ एतद्देशीयाची मजल सुभेदारीपुढं जातच नसे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला हिंदी मुलांना सँडहर्स्टचं दार किलकिलं झालं. त्यासाठी मुलं घडवायला 1922 साली डेहराडूनला मिलिटरी कॉलेज निघालं, विलायतेतल्या बोर्डिंग शाळांच्या धर्तीवर. आपल्याकडं डॉ. मुंजे यांनी 1937 साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. स्वातंत्र्यानंतर खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, उभी राहिली. पण तिथली परीक्षा द्यायची तर इंग्रजी पाहिजे, गणित पाहिजे, चारचौघांत बोलायची धिटाई पाहिजे. ती मिळायची महागड्या शाळांत. म्हणजे इंग्रज गेला तरी साहेब शहरातून आणि शिपाई खेड्यातून, ही वाटणी बरीचशी तशीच राहिली.

ही वाटणी मोडायची म्हणून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी सैनिक शाळांची कल्पना मांडली. प्रत्येक राज्यात एक शाळा, हुशारी बघून निवडलेली मुलं, तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं आणि पुढं एनडीएची परीक्षा द्यायची. जागा, इमारत आणि शिष्यवृत्त्या राज्य सरकारनं द्यायच्या. कारभार संरक्षण खात्याखालच्या सोसायटीनं बघायचा आणि प्राचार्य लष्करातले. त्या सोसायटीची पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली, 23 जून 1961 रोजी. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम तेरा महिने झाले होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, याच मातीतले, देवराष्ट्र्याचे. त्याच साली कपूरथळा, जामनगर, कुंजपुरा आणि चित्तोडगडलाही शाळा निघाल्या. पुढच्या वर्षी चीनचं युद्ध झालं आणि मेनन यांच्या जागी चव्हाणच संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. साताऱ्याच्या माणसाला या शाळेचा अभिमान वाटतो तो उगाच नाही.

मी तिथं गेलो 1973 च्या जूनमध्ये. आदलं वर्ष मोठ्या दुष्काळाचं. आई खडी फोडायच्या कामावर, घरात सुकडीचा वास. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शनवर आलेले. काही वर्षं त्यांनी एका साहेबाकडं सहायक म्हणून काढली होती. साहेबाची मुलं कसल्या शाळेत जातात, कशी बोलतात, काय वाचतात हे त्यांनी जवळून बघितलं होतं. त्यामुळं सैनिक स्कूलच्या परीक्षेची बातमी कानावर येताच ते एसटीनं साताऱ्याला गेले आणि फॉर्म घेऊन आले. मला समोर बसवून म्हणाले, “लेका, मी अठरा वर्षं साहेबाच्या मागनं चाललो. तुला पुढनं चालाय येतंय का बघ.”

लेखी झाली, मुलाखत झाली, डॉक्टरी तपासणी झाली. दात मोजले, छाती मोजली, कानाजवळ घड्याळ धरून ऐकायला येतं का विचारलं. निवड झाली तेव्हा गावानं पेढे वाटले. आबांच्या पेन्शनीत तिथली फी बसणारी नव्हती. उत्पन्न बघून सरकारची शिष्यवृत्ती मिळायची, म्हणून निभावलं. यादीप्रमाणं सामान घेता घेता आईची बोरमाळ मात्र सोनाराकडं गेली.

पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर घातला आणि त्या दिवसापासून मी नावाआधी नंबर झालो. पहाटे शिट्टी व्हायची. अंधारातच पीटी, मग आंघोळ, नाष्टा, वर्ग. दुपारी सक्तीची विश्रांती, संध्याकाळी खेळ, रात्री मुकाट्यानं अभ्यास, आणि दिवे बंद. समोर अजिंक्यतारा. पावसाळ्यात त्याच्या माथ्यावर ढग उतरले की घरची आठवण हटकून यायची, कारण आमच्याकडं ते ढग कधी पोचायचेच नाहीत. बुटाला एवढं पॉलिश करायचं की त्यात तोंड दिसलं पाहिजे. अंथरुणाच्या घड्या पट्टी लावल्यासारख्या.

मेसमध्ये काटे-चमचे. पहिल्याच आठवड्यात मी काट्यानं बटाटा टोचायला गेलो, तो उडून समोरच्या पोराच्या ताटात. तो मुंबईचा होता. त्यानं हसत हसत बटाटा परत दिला आणि काटा कसा धरायचा तेही दाखवलं. इंग्रजीचं भय मात्र लवकर गेलं नाही. माझ्यासारखे खेड्यातले दहा-बारा जण होते. आम्ही रात्री पांघरुणात तोंड घालून दुसऱ्या दिवशीची वाक्यं पाठ करायचो. जेवायची सुट्टी मागायची का दवाखान्याची, वाक्य आधी जुळवायचं आणि मगच हात वर करायचा. दोनेक वर्षांनी ती वाक्यं आपोआप यायला लागली. कधी बदल झाला ते कळलंसुद्धा नाही.

शाळेनं आम्हाला काय दिलं, तर समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय. कलेक्टरचा मुलगा आणि हवालदाराचा मुलगा एकाच रांगेत, एकाच खाकीत, एकाच ताटात. आमच्यातला जातीचा, पैशाचा काटा तिथं पुष्कळसा बोथट झाला. शाळेचे एक माजी विद्यार्थी प्रदीप नाईक 2009 साली हवाई दलाचे प्रमुख झाले. शिपायांच्या मुलखातल्या शाळेतून सेनादलाचा प्रमुख निघाला. मेनन-चव्हाणांनी जे योजलं होतं ते खरं होऊ शकतं, याला आणखी पुरावा कशाला?

पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहायला पाहिजे. आमच्या शेजारच्या घरात माझ्याच वयाचा एक सोबती होता. चौथीपर्यंत पहिला नंबर त्याचा, दुसरा माझा. तोंडी हिशेबात तर गुरुजींच्या आधी उत्तर द्यायचा. त्यानं परीक्षाच दिली नाही. नापास होण्याचा प्रश्नच आला नाही. त्याच्या घरात कुणी फौजेत नव्हतं, त्यामुळं अशी शाळा आहे हेच ठाऊक नव्हतं. आबांनी सांगितलं तोवर त्याचं घर बैलगाडी जुंपून ऊसतोडीला गेलं होतं. पुढं तो भरतीत पळाला आणि बेळगावच्या सेंटरला जवान म्हणून लागला. मी दोनदा एसएसबीला गेलो, पाच-पाच दिवस राहून दोन्ही वेळा परत आलो आणि शेतकी खात्यात चिकटलो. तो हवालदार होऊन निवृत्त झाला. आता आम्ही दोघं पारावर बसतो. एकदा म्हणाला, “तुला शाळेनं निवडलं, मला दुष्काळानं.” हसत म्हणाला, पण मला काही हसू आलं नाही.

तेव्हापासून वाटतं, निवड परीक्षेच्या हॉलमध्ये होतच नाही. ती त्याच्या कितीतरी आधी होते. फॉर्मची बातमी कुणाच्या घरी पोचते, पोराला मोकळं सोडणं कुणाला परवडतं, तिथंच अर्धी यादी तयार झालेली असते. शाळेनं साहेब आणि शिपाई यांच्यातलं अंतर कमी केलं हे खरं. पण तेच अंतर आमच्या एका गल्लीत, दोन घरांच्या मधेही येऊन बसलं. आणि त्या सोसायटीची सबंध महाराष्ट्राला शाळा एकच. दुसरी चंद्रपूरला निघायला 2019 साल उजाडलं.

आणि गावातला निम्मा हुशार जीव तर या हिशेबात धरलेलाच नव्हता. देशातल्या सगळ्याच सैनिक शाळा मुलांच्या. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच शाळेत शिकले. 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना ते शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन लेकरांची आई असताना प्रशिक्षण घेऊन 2017 साली लष्करात लेफ्टनंट झाल्या. तोवर सैनिक शाळांची दारं मुलींना उघडली नव्हती. त्या सोसायटीच्या शाळांतल्या पहिल्या मुली 2018 मध्ये मिझोरामच्या छिंगछिपच्या शाळेत आल्या, आणि सगळ्या सैनिक शाळा मुलींसाठी खुल्या होणार हे जाहीर झालं 15 ऑगस्ट 2021 ला. साठ वर्षांनी. साताऱ्याच्या बाईनं शाळेची वाट न बघता आधीच साहेब होऊन दाखवलं होतं.

आता दरसाल फॉर्म निघाले की मी आणि माझा हवालदार मित्र आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. पाचवीच्या वर्गात उभं राहून सांगतो, परीक्षा कधी, वय किती लागतं, कागद कुठले, शिष्यवृत्ती कशी मिळते. तोंडी हिशेब तोच घालतो. त्याच्याइतका वेग अजून मला नाही. गेल्या खेपेला सर्वांत आधी उत्तर दिलं ते मागच्या बाकावरच्या पोरीनं. बाप ऊसतोडीला जातो. मित्रानं तिला विचारलं, “कितीला जाणार तुमची टोळी?” ती म्हणाली, “दसऱ्यानंतर.” त्याच संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. टोळी निघायला अजून तीन आठवडे होते.