नारायण वामन टिळक यांचे धर्मांतर

मराठी कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तत्पूर्वी नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचण्याचा आग्रह केला होता. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. शत्रूवरही प्रीती करण्यास सांगणाऱ्या या शिकवणीची पहिली कसोटी मात्र घरातच लागली. निर्णय टिळकांचा होता. त्याची झळ पत्नी लक्ष्मीबाई यांना बसली. लहान मुलासह त्यांना काही वर्षे पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने राहावे लागले. कालांतराने त्या टिळकांकडे परतल्या; सोवळ्याओवळ्याचे बंधन हळूहळू सुटले आणि १९०० मध्ये त्यांनीही दीक्षा घेतली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हा विरह विनोदाची साथ न सोडता वर्णिला आहे.