खुंटी, वलण आणि विजारीचा चिमटा: सातारा-सांगलीच्या भिंतीवरचा इतिहास

१/
भिंतीशी मिटलेली एक लाकडी भुजा. ती बाहेर ओढली की दोन पट्ट्यांचा चिमटा पुढे येतो. विजारीचे दोन्ही पाय जुळवून त्यात धरायचे, आणि काम झाले की सारे पुन्हा भिंतीशी मिटवायचे. या घडीच्या चिमट्याचा उल्लेख कोणत्याही बखरीत नाही, आणि त्याचा शोध आपल्याकडे लागलेलाही नाही. तरीही सातारा-सांगलीच्या भिंतीवर तो येईपर्यंत जे जे घडले, तो या भागाचा सामाजिक इतिहासच आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
आधी भूगोल. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आहेत. पण १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी या प्रदेशात इंग्रजी मुलूख आणि औंध, सांगली, मिरज, फलटण, जत यांसारखी संस्थाने एकमेकांत गुंतलेली होती. म्हणून या धाग्यात दोन्ही जिल्ह्यांकडे एकच प्रदेश म्हणून पाहू.

३/
आता मूळ प्रश्न. कपडा ठेवायचा कसा, हे तो कसा घडवला आहे यावर ठरते. धोतर, उपरणे, लुगडे ही न शिवलेली वस्त्रे. त्यांची घडी सपाट बसते, आणि घडी मोडली तरी बिघडत नाही, कारण नेसताना निऱ्या रोज नव्याने घालायच्याच असतात. अशा वस्त्राला चिमटा नको, आडवी काठी पुरते. छताला दोरीने टांगलेली ही काठी म्हणजे वलण.

४/
वलणीची उंची मात्र केवळ सोयीची नव्हती. सोवळे पाळणाऱ्या घरांत धुतलेले सोवळ्याचे वस्त्र हाताच्या उंचीपेक्षा वर वाळत घालत, आणि ते काठीनेच चढवत व उतरवत. येता-जाता कोणाचा स्पर्श होऊ नये, हा हेतू. म्हणजे कपडा किती उंचावर आहे, यावरून त्याला कोण शिवू शकते आणि कोण नाही, हे ठरत होते. भिंतीवरच्या वस्तूंकडे पाहताना हा धडा विसरू नये.

५/
शिवलेली विजार इंग्रजांनी आणली, हा एक रूढ गैरसमज आहे. चोळणा, तुमान, इजार, सुरवार हे शब्द मराठीत त्यांच्या कितीतरी आधीचे आहेत. घोड्यावर बसणाऱ्या शिपायाला पाय झाकणारे शिवलेले वस्त्र लागतच असे. पण या साऱ्या विजारींना कमरेशी नेफा आणि नेफ्यात नाडी असते. नाडी बांधून जो फास होतो, तोच खुंटीवर अडकवता येतो. म्हणजे जुनी विजार आपले अडकवण्याचे साधन स्वतःबरोबरच घेऊन येत असे.

६/
खुंटीची रचनाही पाहण्याजोगी आहे. वाड्याच्या जाड भिंतीत ती बहुधा बांधकाम चालू असतानाच बसवली जाई. तिचा मोठा भाग भिंतीच्या पोटात आणि थोडाच बाहेर, टोक किंचित वर उचललेले. वजन भिंतीलगतच पडते, आणि आतल्या भागावर वरच्या बांधकामाचा भार असतो. म्हणून पगडी, तलवार, कंदील, पिशवी असे काहीही पेलून ती शंभर वर्षांनंतरही हलत नाही.

७/
एकोणिसाव्या शतकात इंग्रजी ‘पँटलून’ मराठीत ‘पाटलोण’ होऊन आली. पण नव्या राजवटीचा पोशाख एकदम अंगावर चढला नाही. त्या काळची छायाचित्रे पाहा: वकील, मास्तर, कारकून यांच्या अंगात कोट, डोक्यावर पगडी किंवा फेटा, आणि खाली धोतर. कोट आधी आला, पाटलोण मागून आली. कोटाला मानेशी कापडी फास असतो, त्यामुळे जुनी खुंटीच त्याच्याही कामी आली. भिंतीला नवे काही शिकावे लागले नाही.

८/
अडचण उभी केली ती इस्त्रीच्या घडीने. पाटलोणीच्या पुढच्या-मागच्या बाजूने जाणारी सरळ, धारदार रेघ ही युरोपातही फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ती रूढ झाली. राजा सातवा एडवर्ड याच्याशी तिची एक आख्यायिका जोडतात, ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. महत्त्वाचे एवढेच की पाटलोणीला नाडी नव्हती, बटणे होती. खुंटीवर कमरेतून अडकवली की ती चुरगळे आणि रेघ मोडे.

९/
याच काळात पश्चिमेकडे कपडे अडकवण्याच्या साधनांवर पेटंटे निघू लागली. अमेरिकेत कनेटिकटमधील ओ. ए. नॉर्थ यांचे कपड्यांच्या आकड्याचे पेटंट १८६९ चे. १९०३ साली मिशिगनच्या जॅक्सन गावी, तारकामाच्या कारखान्यात खुंट्या अपुऱ्या पडल्या म्हणून अल्बर्ट पार्कहाउस या कामगाराने तार वाकवून कोट अडकवला, अशी तारेच्या हँगरची कथा सांगतात. इंग्लंडात जॉन कॉर्बी यांच्या कंपनीचा विजारीचा प्रेस १९३० चा.

१०/
चिमट्याची युक्ती साधी आणि चतुर आहे. विजार उलटी टांगायची: पायांची टोके वर, कंबर खाली. पट्टा, खिसे, बटणे यांमुळे कमरेचा भाग जड असतो. ते वजन रात्रभर कापड खाली ओढते आणि सुरकुत्या आपोआप उलगडतात. पट्ट्यांना आतून बनात किंवा तसेच मऊ कापड लावले की टोकांवर वळ उमटत नाही. कोळसा नको, धोबी नको. विजारीचे वजनच तिला सरळ ठेवते.

११/
मग पाटलोण आणि तिची धाकटी बहीण खाकी अर्धी चड्डी या प्रदेशातल्या सामान्य घरांत कोणत्या वाटेने शिरली? पहिली मोठी वाट सैन्याची. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले. मेसोपोटेमियातील कुत येथे १९१५-१६ साली वेढ्यात अडकलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. जो शेतकरी नांगर सोडून पलटणीत गेला, त्याने गणवेशाची शिस्तही आत्मसात केली.

१२/
सुटीवर आलेल्या जवानाच्या घरी चिमटा नव्हता. पण घडी तर हवीच. जुनी माणसे सांगतात ते दोन उपाय आठवा. एक, पितळी तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडाने कापडावर इस्त्री करणे. दुसरा, विजार नीट घडी घालून रात्री अंथरुणाखाली ठेवणे, म्हणजे माणसाच्या वजनाने दाबणे. चिमटा जे काम विजारीच्या वजनाने करतो, तेच इथे झोपलेल्या माणसाच्या वजनाने होत असे. साधन नव्हते, तत्त्व मात्र ठाऊक होते.

१३/
दुसरी वाट कारखान्याची. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना डावलून बढती दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर १८८८ साली सुरू केलेले सायकलीचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. पुढे औंधच्या राजांनी दहा हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात येते.

१४/
लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे पहिले नांगर विकायला दोन वर्षे गेली. त्याच माळावर पुढे ओतकाम करणारे, कातारी, जोडारी तयार झाले; नांगरामागून पंप आणि लोखंडी फर्निचरही तिथून बाहेर पडले. बिजागरी, स्क्रू, कमान या वस्तू परक्या न वाटणारी पिढी अशी घडली. आणखी एक गोष्ट: त्या काळची यंत्रे छताखालच्या दंडावरून येणाऱ्या चामडी पट्ट्यांनी फिरत. अशा पट्ट्यांजवळ धोतराचा सोगा म्हणजे जिवाशी गाठ. तिथे आखूड शिवलेला कपडा ही जिवाची गरज होती.

१५/
तिसरी वाट शाळेची, आणि या धाग्यातली सर्वांत मोलाची. भाऊराव पाटील यांनी तरुणपणी ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांचा माल गावोगाव विकला. त्या भटकंतीत त्यांनी खेड्यांतले अज्ञान जवळून पाहिले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले.

१६/
या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, एकत्र राबत. आता चौथा भाग पुन्हा आठवा. एका छपराखाली मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुलांचे कपडे एकाच खोलीत वाळू लागतात, तेव्हा कोणाचाही हात न पोहोचणाऱ्या वलणीला अर्थच उरत नाही. कपडा हाताच्या उंचीवर येणे ही आपल्याला आज क्षुल्लक वाटणारी गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी ती क्षुल्लक नव्हती.

१७/
चौथी वाट मुंबईची. गिरणगावात सातारा जिल्ह्यातून गेलेल्या माणसांची संख्या मोठी होती. एका खोलीत अनेकजण, पाळीपाळीने झोपणारे. प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक आणि भिंतीचा एक तुकडा. अशा ठिकाणी जमिनीवर उभे राहणारे कपाट ही चैन ठरते. वस्तूने वापरापुरते उघडावे आणि एरवी भिंतीत मिटून जावे, ही अपेक्षा अशाच खोल्यांत जन्मते. घडीची खुर्ची, घडीचा पलंग आणि घडीचा चिमटा ही एकाच गरजेची भावंडे आहेत.

१८/
पण घडीच्या चिमट्याला भिंतही तशी लागते. हिशेब करून पाहा: विजार अर्धा किलो, भुजा ३० सेंटीमीटर, वरच्या आणि खालच्या स्क्रूंमधले अंतर ६ सेंटीमीटर. टोकाशी विजार टांगली की वरच्या स्क्रूवर सुमारे अडीच किलोचा ओढा येतो, म्हणजे वजनाच्या पाचपट. मातीच्या गिलाव्यात ठोकलेला खिळा थोड्याच दिवसांत सुटेल. म्हणून भिंतीत आधी लाकडाचा तुकडा बसवून त्यात स्क्रू पिळत. ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न बिघडवता विजेची उपकरणे बसवता यावीत, म्हणून १९११ साली जॉन रॉलिंग्ज यांनी जो ‘रॉलप्लग’ काढला, त्यानेच पुढे जगभर हे काम सोपे केले.

१९/
आता तिन्ही वस्तू शेजारी ठेवू. वलण हे न शिवलेल्या वस्त्राचे आणि सोवळ्या-ओवळ्याच्या उंचीचे साधन. खुंटी हे नाडीच्या विजारीचे, पगडीचे, आणि पिढ्यान्पिढ्या न हलणाऱ्या घराचे. चिमटा हे बटणाच्या विजारीचे, घड्याळावर चालणाऱ्या नोकरीचे, आणि बिऱ्हाड हलले की चार स्क्रू काढून सोबत नेता येईल अशा संसाराचे. एक आले म्हणून दुसरे लगेच गेले नाही. कित्येक घरांत तिन्ही एकाच भिंतीवर नांदली.

२०/
कोणी म्हणेल, विजारीची घडी ही साहेबाची नक्कल, तिचे कौतुक कशाला? आक्षेप खोटा नाही, नक्कल होतीच. पण शिवलेली विजार आपल्याकडे आधीपासून होती, आणि नवी विजार कुणी हौसेने घातली तर कुणी पलटणीच्या हुकुमाने, कुणी यंत्राच्या भीतीने. अनेकांसाठी ती आपल्या जातीने ठरवून न दिलेली पहिली वस्त्रशैली होती. घडी मोडू नये म्हणून केलेल्या धडपडीत नीटनेटके दिसण्याचा हक्कही दडलेला आहे.

२१/
राजे, लढाया, तहनामे यांची कागदपत्रे दफ्तरांत सुरक्षित आहेत. खुंटीचे कागदपत्र म्हणजे ती स्वतः, आणि तिचे दफ्तर म्हणजे भिंत. सातारा, वाई, कराड, मिरज, सांगली येथले जुने वाडे उतरवले जात आहेत. लाकूड विकले जाते, खुंट्या सरपणात जातात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे आज पाहता येतात, कारण कुणीतरी ते वेळेवर उचलून ठेवले.

२२/
म्हणून एक विनंती. सुटीत गावी जाल तेव्हा आजोळच्या भिंतीकडे नीट पाहा. खुंटी असेल तर तिची जमिनीपासूनची उंची मोजा, छायाचित्र घ्या, आणि आजीला विचारा: इथे काय अडकवत होते, आणि कोणाचे? तिचे उत्तर तारखेसह लिहून ठेवा. तो या प्रदेशाच्या इतिहासाचा अस्सल पुरावा असेल.

धागा समाप्त.