पदकानंतरची 32 वर्षं : संशोधनाचा प्रश्न नेमका कुठे दडलेला असतो?



पेटची तयारी करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास सतावतो : संशोधनाचा विषय शोधायचा कसा? ‘विषय’ सापडतो, ‘प्रश्न’ सापडत नाही, खरी अडचण ती. माझी शाखा विज्ञानाची. तरी आज एक उदाहरण इतिहासातलं घेऊ, कारण प्रश्न कसा तयार होतो हे त्यात फार स्वच्छ दिसतं. उदाहरण खेळाडूंचं आहे. त्यांची कारकीर्द संपल्यावर पुढे काय होतं?

खाशाबा जाधव : चार वर्षं आणि बत्तीस वर्षं

सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडजवळचं गोळेश्वर हे खाशाबांचं गाव. जन्म 15 जानेवारी 1926. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. तांबड्या मातीत तयार झालेला हा मल्ल 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला गेला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हातभार लावला होता.

पुढचं ऑलिम्पिक 1952 चं, हेलसिंकीचं. पैसे पुन्हा नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. 23 जुलै 1952 ला खाशाबांनी बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्यांच्या वर होते फक्त जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचा रशीद मामेदबेकोव्ह. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं, लिअँडर पेसच्या रूपाने. म्हणजे 44 वर्षं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पाठ्यपुस्तकात, भाषणात, सोशल मीडियावर ती इथेच संपते. आता पुढचं बघा.

1955 मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. तिथे 27 वर्षं नोकरी केली. सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले, पण पेन्शनसाठी झगडावं लागलं. शेवटचा काळ हलाखीत गेला. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार 1961 मध्ये सुरू झाला होता, म्हणजे पुरस्कार अस्तित्वात असताना खाशाबा 23 वर्षं हयात होते. तो त्यांना मिळाला 2000 सालचा, मरणोत्तर. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

आता साधं गणित करा. ऑलिम्पिकचा काळ 1948 ते 1952, म्हणजे चार वर्षं. पदकानंतरचं आयुष्य 32 वर्षं. खाशाबांवरचा कोणताही एक लेख घ्या आणि ओळी मोजा : चार वर्षांना किती, बत्तीस वर्षांना किती? याला आशय विश्लेषण म्हणतात. पेटच्या अभ्यासक्रमात ही संज्ञा आपण पाठ करतो, इथे ती वापरून बघा. तफावत दिसली की विचारा : ही तफावत का? इथे विषयाचा प्रश्न होतो.

तुलना कुणाशी करायची?

विज्ञानात आपण तुलनेसाठी नियंत्रण गट ठेवतो. इतिहासात तो मिळणं अवघड असतं, पण कधी कधी सापडतो. हेलसिंकीलाच, फेदरवेट गटात, कोल्हापूरकडचेच केशव माणगावे चौथे आले. तीच स्पर्धा, तोच देश, तोच भाग. फरक एका क्रमांकाचा. खाशाबांचं नाव स्टेडियमला आहे. माणगावे हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी आज पहिल्यांदा वाचलं?

आपल्या नोंदी पदकापाशी सुरू होतात आणि पदकापाशीच संपतात. जिंकलेल्यांवरूनच निष्कर्ष काढायचे, याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. ‘कुस्तीने माणसाचं भलं होतं का?’ याचं उत्तर पदकविजेत्यांना विचारून मिळणार नाही. ज्यांनी दहा वर्षं खुराकावर घरचा पैसा घातला आणि कुठेच पोहोचले नाहीत, त्यांनाही विचारावं लागेल.

अमेरिकेत हाच प्रश्न प्रयोगशाळेत गेला

खेळाडूचं नंतरचं आयुष्य हा केवळ हळहळण्याचा विषय नाही, त्यावर कडक विज्ञान होऊ शकतं. याचं मोठं उदाहरण अमेरिकन फुटबॉलमधलं आहे. तो खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा. माईक वेबस्टर हा पिट्सबर्ग स्टीलर्सचा खेळाडू. चार वेळा सुपर बोल जिंकलेला, 1997 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला. निवृत्तीनंतर त्याची स्मृती ढासळली, पैसा गेला, कधी कधी तो गाडीत झोपायचा. 2002 मध्ये 50 व्या वर्षी तो वारला.

शवविच्छेदन केलं नायजेरियात जन्मलेल्या डॉ. बेनेट ओमालू यांनी. मेंदू वरून अगदी सामान्य दिसत होता. तिथे थांबता आलं असतं, पण त्यांनी पेशींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात टाऊ नावाच्या प्रथिनाचा असामान्य साठा होता. 2005 मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. तो मागे घ्यावा अशी मागणी तिथल्या फुटबॉल लीगशी संबंधित डॉक्टरांनी केली. निबंध मागे घेतला गेला नाही. वारंवार डोक्याला मार बसून होणाऱ्या या आजाराचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी. बॉक्सरांमधल्या अशा लक्षणांवर 1928 मध्येच लिहिलं गेलं होतं, पण फुटबॉलपटूंबाबत तो प्रश्न कुणी नीट विचारला नव्हता.

पुढे 2017 मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्या लीगमधल्या 111 माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी 110 मध्ये हा आजार आढळला. आता परीक्षेच्या दृष्टीने विचार करा : याचा अर्थ 99 टक्के खेळाडूंना हा आजार होतो, असा घ्यायचा का? नाही. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, आणि लक्षणं दिसली तिथे दान करण्याची शक्यता जास्त. नमुना यादृच्छिक नव्हता. संशोधकांनी स्वतःच ही मर्यादा निबंधात लिहिली. मर्यादा लिहिल्याने निबंध दुबळा होत नाही, हेही यातून शिकण्यासारखं आहे.

खाशाबांना असला काही आजार होता असं मी अजिबात सुचवत नाहीये. कुस्ती आणि तो खेळ वेगळे, दुखापतीही वेगळ्या. तिकडून उचलायची ती पद्धत : कारकीर्द संपते तिथून नोंद सुरू करायची.

आणि आपल्या खान्देशात?

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. त्यानंतर शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षक म्हणून थेट नियुक्ती दिली. 2023 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला झालेल्या जागतिक पोलीस स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं.

ऑलिम्पिक पदक घेऊन आलेला मल्ल तीन वर्षांनी उपनिरीक्षक होतो आणि साठेक वर्षांनी महाराष्ट्र केसरी थेट उपअधीक्षक होतो. मधल्या काळात शासनाचं धोरण बदललं, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आलं. हे धोरण कुणापर्यंत पोहोचलं आणि कुणापर्यंत नाही? दोन उदाहरणांवरून उत्तर देता येत नाही. पण गृहीतक मांडायला दोन उदाहरणं पुरतात.

साधनंही आपल्या आसपासच आहेत. जुनी वर्तमानपत्रं आहेत. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलींची हँडबिलं आहेत, जोडी आणि इनामाची रक्कम त्यांवर छापलेली असते. सरकारी नोकरीत गेलेल्या पैलवानांची सेवापुस्तकं आहेत, पण ती खासगी कागदपत्रं, कुटुंबाच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वस्ताद मंडळी आहेत. त्यांच्या मुलाखती आजच घ्याव्या लागतील, कारण या साधनाला वय आहे. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून उभं आहे. ज्यांच्या नावाने ते आहे त्या वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, तेव्हा ती लोकांना रद्दीच वाटत होती.

मुलाखत घेताना एक पथ्य पाळा. आठवणीतले आकडे वाढत जातात. कऱ्हाडला खाशाबांची मिरवणूक निघाली तेव्हा बैलगाड्या किती होत्या? कुठे शंभरावर लिहिलंय, कुठे 151. यातला एक आकडा निवडून दुसरा खोडू नका. दोन्ही लिहा, कुणी कधी सांगितलं तेही लिहा, आणि त्या वेळचं वर्तमानपत्र शोधा.

सुरुवात कशी कराल?

तुमच्या तालुक्यातले 1970 ते 1990 या काळात जिल्हा पातळीवर खेळलेले वीस खेळाडू शोधा. खेळ कुठलाही चालेल, कुस्ती, कबड्डी, खो-खो. वीसपैकी निम्मे तरी असे असू द्या, ज्यांना काहीच मिळालं नाही. प्रत्येकाला चारच प्रश्न : खेळ कधी सोडला, का सोडला, त्यानंतर पोट कशावर भरलं, आणि शरीराने आता काय दुखणं धरलंय? उत्तरं एका तक्त्यात भरा. पेटच्या मुलाखतीत ‘तुमचा संशोधन प्रश्न काय?’ असं विचारलं की हा तक्ता पुढे ठेवा. आणि त्या वीस जणांना तो वाचून दाखवायला परत जा. बहुतेकांकडे त्यांच्या खेळानंतरच्या वर्षांची चौकशी करायला तोवर कुणी आलेलं नसेल.