वारस कोण लावलाय?

वडिलांच्या ट्रंकेत सापडलेल्या विमा पॉलिसीवर नॉमिनी म्हणून थोरल्या काकांचं नाव होतं. पॉलिसी लग्नाआधीची, पुढे नाव बदलायचं राहूनच गेलं. रक्कम काकांच्या खात्यात जमा झाली. त्यांनी ती आईच्या हवाली केली, पण देताना म्हणाले, "वारस म्हणून नाव तर माझंच होतं ना रे?" त्या प्रश्नापायी मी जुने निकाल चाळू लागलो.

घोटाळा आपल्या बोलण्यातच आहे. 'पॉलिसीला वारस कोण लावलाय?' असं आपण सर्रास विचारतो. १९३८च्या विमा कायद्यातलं ३९वं कलम मात्र नॉमिनीबद्दल बोलतं, वारसाबद्दल नाही. कंपनीने पैसे कुणाच्या हाती दिले की ती मोकळी, एवढंच ते सांगे. पुढे ते पैसे कुणाचे, यावर उच्च न्यायालयांत एकमत नव्हतं.

वाद मिटला तो सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात. १९६७ साली एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. दहा-दहा हजारांच्या दोन पॉलिसी, दोन्हींवर पत्नीचं नाव. आई आणि मुलाने हिस्सा मागितला. सर्वोच्च न्यायालयाने तिघांना सारखा वाटा दिला, तो डिसेंबर १९८३मध्ये. वीस हजारांसाठी सोळा वर्षं!

२०१५च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील, तर विम्याची रक्कम त्यांचीच ठरवली. भाऊ त्या यादीत नाही.

शेअर्सची गोष्ट वेगळी. २०१०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शेअर्स नॉमिनीचेच, असं म्हटलं. २०१६मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते खोडून काढलं. हा दुसरा वाद 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकरांच्या मिळकतीचा. मृत्युपत्र होतं, आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनींची नावंही होती. घराघरांत तिथी-वार सांगणाऱ्या माणसाच्या मागेही हा गुंता सुटायला दशक लागलं. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं म्हणणं कायम केलं: नॉमिनी असल्याने मालकी मिळत नाही; मिळकत मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे जाते.

हे सगळं काकांना सांगितलं. ते काही न बोलता उठले आणि कपाटातून स्वतःची पॉलिसी घेऊन आले. तिच्यावर आजीचं नाव होतं. आजीला जाऊन तीस वर्षं झाली.