पेन्सिल सेलवरचा कॅमेरा

ऑगस्ट २००६. सीएसटीतून बाहेर पडून तुम्ही बोरा बाजारच्या गल्लीत शिरता. पावसाची सर नुकतीच थांबली आहे, दुकानांवरच्या ताडपत्र्या अजून ठिबकताहेत. सवयीने तुमचा हात खिशाकडे जातो. तिथे फोन आहे, पण फोटो काढावा असं ज्याच्याकडे बघून वाटेल तो हा फोन नव्हे. चार दिवसांवर गणपती आले आहेत आणि घरचा गणपती फोटोत हवा असेल, तर कॅमेरा घ्यावाच लागेल.

काचेच्या कपाटात चंदेरी कॅमेऱ्यांची रांग लागली आहे. कॅनन, निकॉन, सोनी, कोडॅक, ऑलिंपस. प्रत्येकासमोर मेगापिक्सेलचा आकडा ठळक लिहिलेला. दुकानदार आधी एवढंच विचारतो, "बिलवाला पायजे का बिनबिलाचा?" बिनबिलाचा स्वस्त पडेल, पण त्याला वॉरंटी नाही. जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढी रक्कम आहे. तुम्ही बिल घेता.

हातात येतो कॅनन पॉवरशॉट ए५३०. पाच मेगापिक्सेल, चौपट ऑप्टिकल झूम, मागे १.८ इंचांचा पडदा, आणि खालचं झाकण सरकवलं की दोन पेन्सिल सेल. डिजिटल झूम लिहिलंय त्याकडे बघू नका, दुकानदार सांगतो, त्यात फोटो नुसता ताणला जातो. खोक्यातलं कार्ड १६ एमबीचं आहे. उत्तम दर्जा ठेवला तर त्यावर पाच-सहा फोटो मावतील. म्हणून ५१२ एमबीचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं, त्यावर शेकड्यांनी फोटो बसतील. शिवाय चार्जर आणि चार रिचार्जेबल सेल. एवढं कशाला, असं तुम्हाला वाटतं. घेऊन ठेवा. गावी पोचल्यावर कळेल.

कॅमेरा सुरू करताच तो तारीख विचारतो. कंटाळा न करता ती नीट भरा. पुढे प्रत्येक फोटोच्या पोटात ही तारीख लपून बसणार आहे, आणि वीस वर्षांनी कोणता गणपती कोणत्या सालचा हे सांगणारी तीच एक साक्षीदार असेल.

मांडवी एक्स्प्रेसच्या खिडकीशी जागा मिळाली आहे. रोहा मागे पडलं की दोन्ही बाजूंनी भातशेती सुरू होते आणि कॅमेरा बॅगेतून बाहेर येतो. खटका दाबला आणि फोटो पडला, यांच्यात एक क्षण निसटतो आहे हे तुम्हाला पहिल्याच फोटोत दिसतं. हवं होतं कौलारू घर, आला विजेचा खांब. कारण बटण दाबल्यावर कॅमेरा आधी अंतर जुळवतो, प्रकाश मोजतो आणि मग फोटो घेतो. उपाय सोपा आहे: बटण अर्धं दाबून धरा, हिरवा दिवा लागू द्या, घर समोर आलं की उरलेलं दाबा. चिपळूण येईपर्यंत बोटाला ते वळण पडलेलं असतं.

करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. डब्यात काळोख होताच समोरचा मुलगा म्हणतो, "आता काढा!" फ्लॅश उडतो, आणि फोटोत काचेवरचा पांढरा डाग नि त्यामागे तुमचाच चेहरा. मुलगा खदखदून हसतो. या पडद्याने डब्यातल्या अनोळखी माणसांना तुमच्याभोवती गोळा केलं आहे.

बोगद्याबाहेर पुन्हा हिरवं. हा हिरवा या कॅमेऱ्याला विशेष चांगला दिसतो. त्याच्या नखाएवढ्या सेन्सरवर पन्नास लाख ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची काच: लाल, निळी किंवा हिरवी. त्यातल्या निम्म्या हिरव्या, कारण माणसाचा डोळाही हिरव्या उजेडालाच सर्वांत तल्लख असतो. ही रचना कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. त्याच्या आदल्या वर्षी, १९७५ मध्ये, त्याच कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र दहा हजार ठिपक्यांचं आणि तेही काळंपांढरं. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तीस वर्षांत तेच यंत्र पाचशे पट ठिपके घेऊन तुमच्या तळहातावर, कुडाळच्या तिकिटासोबत प्रवास करतं आहे.

घरी पोचता तेव्हा गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधून झाली आहे. आंब्याचे टाळे, कवंडळं, सुपारीचे घड, नारळ, काकड्या. कॅमेरा पाहून काका विचारतात, "धुवक खय देतलंस?" त्यांचा प्रश्न बरोबर आहे. या घरात आजवर रोलचा कॅमेरा होता. ३६ फोटोंचा रोल गणपतीत घालायचा, उरलेले फोटो शिमग्याला काढायचे, मधे कुणाचं लग्न आलं तर तिथे चार. रोल, धुलाई, प्रिंट, सगळ्याला पैसे. म्हणून फोटो म्हटलं की सगळे अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, श्वास रोखून रांगेत उभे राहत. कपाटातले जुने अल्बम उघडून बघा: प्रत्येक पानावर रांगाच आहेत. आणि त्या रांगेत आजी शोधा. ती फार थोड्या फोटोंत सापडते, कारण फोटोच्या वेळी ती नेहमी चुलीपाशी असे.

२७ ऑगस्टची सकाळ, गणेश चतुर्थी. तुम्ही देवघरात चार फोटो घेता आणि मग स्वयंपाकघरात शिरता. मोदकांच्या वाफेने लेन्स धुरकटते. मऊ सुती कापडाने हलकेच पुसा आणि थोडं थांबा. आजी पाटावर बसून मोदकाला कळ्या पाडते आहे. तुम्हाला बघून ती हात झटकते. "माझो फोटो कित्याक? गणपतीचो काढ."

तुम्ही तरीही काढता. एक, दोन, सात, बारा. तिची बोटं, पिठीने पांढरा झालेला अंगठा, हातातली अर्धी मिटलेली पारी, चुलीच्या उजेडातला गाल. पहिल्या तीन फोटोंत ती अवघडलेली आहे. चौथ्यात तुमचा विसर पडून ती सुनेला काहीतरी सांगू लागली आहे. हा चौथा फोटो रोलवर कधीच निघाला नसता. तो काढायला आधीचे तीन वाया घालवावे लागतात, आणि तेवढी चैन या घराला आज पहिल्यांदा परवडते आहे.

मग सुरू होतं दुसरं नवल. "दाखय माका!" म्हणत मुलं पडद्यावर तुटून पडतात. त्यांच्यामागून वहिनी, आत्या, शेजारच्या काकू. एकजण फोटो बघते आणि ठामपणे सांगते, "ह्यो नको, माझे डोळे मिटले. पुसून टाक." तुम्ही पुसता, ती पदर सारखा करते, दुसरा फोटो पसंत पडतो. स्टुडिओतल्या फोटोग्राफरला असं सांगायची तिची कधी हिंमत झाली नव्हती. आपण कसं दिसावं, यात आज तिच्या शब्दाला वजन आलं आहे.

दुपारी पडद्यावर अक्षरं उमटतात: चेंज द बॅटरीज. चार्ज केलेले सेल संपले, वीज गेलेली आहे आणि ती कधी येईल याचा नेम नाही. तुम्ही नाक्यावरच्या दुकानातून साधे पेन्सिल सेल आणता. जेमतेम काही फोटो होतात आणि पुन्हा तीच अक्षरं. काका ते 'मेलेले' सेल भिंतीवरच्या घड्याळात घालतात आणि घड्याळ चालू लागतं. सेल रिकामे झालेलेच नव्हते. फ्लॅश भरताना आणि लेन्स सरकवताना कॅमेरा एकदम मोठा करंट ओढतो. साध्या सेलला तो देता येत नाही, त्याचा दाब कोसळतो, आणि कॅमेरा समजतो की सेल संपला. रिचार्जेबल सेलचा दाब दीडऐवजी १.२ व्होल्ट, पण हा ताण तो सहज पेलतो. वीज आली की पहिलं काम चार्जर लावण्याचं. घरात आज टीव्हीच्या आधी त्याची पाळी.

रात्री भजन, उसळ, चहा आणि मग फुगड्या. इथे हा छोटा कॅमेरा थकतो. फ्लॅशचा उजेड तीनेक मीटरच पोचतो, त्यापलीकडे काळोख. जवळच्यांचे डोळे लालभडक, कारण फ्लॅश लेन्सला खेटून आहे आणि उघड्या बाहुलीतून आत गेलेला उजेड डोळ्यामागच्या रक्ताच्या जाळ्यावरून सरळ परततो. अंगणात पावसाची भुरभुर असेल तर फोटोभर पांढरे गोल तरंगतात. कुणी त्यांना देवाची कृपा म्हणेल. ते लेन्सच्या अगदी जवळ उजळलेले थेंब आहेत. फ्लॅश बंद करून, कॅमेरा खांबाला टेकवून, श्वास धरून बघा. घुमणाऱ्या दोघींच्या साड्यांची वर्तुळं उमटतात, चेहरे विरघळतात. तो फोटो पुसू नका. फुगडीचा वेग त्यातच आला आहे.

विसर्जनानंतर कुडाळच्या स्टुडिओत कार्ड देता. इथे एक गोष्ट जपा. कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन या मापाचा, आणि कागद सहा बाय चार इंचांचा. रुंदी पुरी धरली तर उंची साडेचार इंच होते, म्हणजे अर्धा इंच कापला जाणार. उभ्या असलेल्या उंच काकांचं डोकं त्या अर्ध्या इंचात आहे. मशीनवरच्या मुलाला सांगा, कडेला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल, कापू नको. मग तो विचारतो, "सगळे काढायचे?" कार्डावर शेकड्याच्या वर फोटो आहेत. पैशांचा हिशेब इथे पुन्हा डोकं वर काढतो. तुम्ही थोडे निवडता, बाकीचे सीडीवर टाकून घेता.

जरा थांबा. पुढे काय होणार ते या दुकानात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. २०१० साली जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या नोंदीप्रमाणे जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना होतील, तो कळस. मग फोन येतील आणि हे चंदेरी कॅमेरे खणात पडतील. त्यांच्या काळातले फोटो मधल्यामधे अडकतील: अल्बममध्ये गेले नाहीत, फोनच्या गॅलरीत आले नाहीत. सीडीला कोकणातली दमट हवा सोसणार नाही, आणि ती धड राहिली तरी ती वाचणारं यंत्र लॅपटॉपमधून निघून गेलेलं असेल. ऑर्कुटवर चढवलेले फोटो २०१४ साली त्या साइटबरोबर मिटतील.

म्हणजे घरातली माणसं ज्या काही वर्षांत पहिल्यांदा रांगेतून सुटली, आजी चुलीपाशी बसल्या बसल्या जशी होती तशी फोटोत आली, तीच वर्षं सर्वांत सहज हरवू शकतात. म्हणून स्टुडिओतल्या मुलाला सांगा: सगळे काढ. मोदकाचा चौथा फोटो तर दोन प्रती. प्रत्येकामागे नाव, नातं आणि गाव लिहा.

आणि आजच्या तारखेला परत आल्यावर कपाटातल्या त्या सीड्या आणि खणातली जुनी कार्डं बाहेर काढा. यूएसबीने जोडायचं सीडी ड्राइव्ह आणि कार्ड रीडर अजून बाजारात मिळतात. फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवा, त्यातले पन्नास निवडून कागदावर छापा आणि ज्यांना त्या चेहऱ्यांची नावं अजून आठवतात त्यांच्याशेजारी बसून ती लिहून घ्या. नावं सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवर हे काम उरकायला हवं.