सारमेयाचा अपराध

महाभारताची अनुक्रमणिका व पर्वसंग्रह संपून प्रत्यक्ष कथेस आरंभ होतो, तो एका कुत्र्याच्या रडण्यानें. कुरुक्षेत्रांत जनमेजयाचें दीर्घसत्र चाललें होतें. तेथें सारमेय नांवाचा कुत्रा आला, आणि राजाच्या तिघां भावांनीं त्यास बडविलें. तो रडत आईकडे गेला. आई सरमा प्रथम त्यासच म्हणाली कीं, तूं कांहीं तरी अपराध केला असशील. त्यानें सांगितलें कीं, मीं हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नाहीं, मग त्यास जीभ लावणें दूरच. तेव्हां सरमा सत्रांत गेली आणि निरपराध मुलास कां मारिलें, असें तिनें विचारिलें. त्या सभेंतून तिला उत्तर मिळालें नाहीं. तिनें शाप दिला कीं, तुम्हांवर अकल्पित भय कोसळेल. आणि त्या शापानें घाबरलेला राजा पुरोहिताच्या शोधास लागला.

ह्या आख्यानाची आठवण होण्यास आमचें निमित्त अगदीं घरगुती आहे. घरांत पाळलेलें कुत्रें भलत्या जागीं घाण करतें, तेव्हां त्यास शिस्त कशी लावावी, हा तो प्रश्न होय. वाङ्मयाच्या मासिकांत असला विषय किंचित् अशिष्ट वाटण्याचा संभव आहे. परंतु पाळीव कुत्र्याच्या पाठीवर पडलेल्या माराचा मोठा भाग ह्या एका बाबीपायीं पडलेला आहे. आणि तो मार न्याय्य होता कीं नाहीं, हा सरमेचाच प्रश्न आहे. त्याचें समाधानकारक उत्तर मिळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

आपल्याकडील जुन्या घरांत ही अडचण सहसा उद्भवत नसे. कुत्रें असे तें अंगणांत, वाड्याच्या देवडीपाशीं किंवा गोठ्याच्या दारांत. वैश्वदेवानंतर त्याच्या वांट्याचा बळि पडे, तोही घराबाहेरच. सोंवळ्याओंवळ्याच्या विचारानें उंबरठा ही त्याची सीमा ठरविली होती. आणि ज्यास घरांत प्रवेशच नाहीं, त्यास घरांतील रीत शिकविण्याचें कारण काय? पुढें शहरें वाढलीं, अंगण गेलें, ओसरी गेली, आणि कुत्रें तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर माणसांच्या बरोबरीनें राहूं लागलें. उंबरठा त्यास ओलांडूं दिला खरा, पण उंबरठ्याचा अर्थ त्यास कोणीं सांगितला नाहीं.

वास्तविक मनुष्याचा व कुत्र्याचा स्नेह घरांहून जुना आहे, शेतीहूनही जुना आहे. जर्मनींत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं एक पुरुष व एक स्त्री ह्यांच्या अस्थींसमवेत कुत्र्याच्या अस्थि सांपडल्या. त्या सुमारें १४,००० वर्षांपूर्वींच्या आहेत. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत, दांतांवरील खुणांवरून असें अनुमान काढण्यांत आलें कीं, तें सुमारें सात महिन्यांचें पिलूं होतें, त्यास डिस्टेंपरचा भयंकर रोग जडला होता, आणि तरीही तें कित्येक आठवडे जगलें. ह्या रोगांत ओकारी व जुलाब होतात. कोणी तरी त्यास ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय व त्याची घाण पुसल्याशिवाय हें जगणें शक्य नव्हतें. शिकारीच्या उपयोगाचें तें त्या स्थितींत मुळींच नव्हतें. म्हणजे ह्या मैत्रीच्या अगदीं आरंभींच्या पुराव्यांत, कुत्र्याची घाण मुकाट्यानें काढणारा मनुष्य आपणांस भेटतो.

कुत्र्याची जात स्वभावतः अमंगळ आहे, ही समजूतही निराधार आहे. नवजात पिलास आपण होऊन मलमूत्रविसर्जन करतां येत नाहीं. आई त्यास चाटते, त्या स्पर्शानें तें होतें, आणि तीच सर्व स्वच्छ करते. अमेरिकेंत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेंत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर ह्यांनीं पांच जातींच्या कुत्र्यांचें वर्षानुवर्षें निरीक्षण करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिलें सुमारें तीन आठवड्यांचीं होऊन चालूं लागलीं कीं निजण्याची जागा सोडून बाजूस जाऊं लागतात, आणि दोन महिन्यांच्या सुमारास ठराविक ठिकाण पसंत करूं लागतात, असें त्यांस आढळलें. तेव्हां शिस्तीचा अर्धा धडा पिलूं आईजवळच शिकून येतें. त्यास ठाऊक नसतें तें एवढेंच, कीं चार खोल्यांचें हें सर्व आवार मनुष्याच्या मतें निजण्याचीच जागा आहे. आपल्या अंथरुणापासून दहा हात दूर, पाहुण्यांच्या गालिच्यावर गेलेलें पिलूं स्वतःच्या समजुतीप्रमाणें पूर्ण सभ्यतेनेंच वागत असतें!

युरोपांत हा प्रश्न तीव्र झाला तो शहरांबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या रस्त्यांवरील कुत्र्यांची विष्ठा हा विक्रीचा माल होता. हेन्री मेह्यू ह्यांनीं १८५१ सालीं लंडनच्या कष्टकरी गरिबांचें जें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत ती गोळा करून चामड्याच्या कारखान्यांस विकणाऱ्या स्त्रीपुरुषांची हकीकत आहे. तिच्यायोगें कातडें मऊ व स्वच्छ होत असे, आणि म्हणूनच त्या मालास 'प्युअर', म्हणजे शुद्ध, असें नांव पडलें होतें. रस्त्यावर ती अशी खपली. दिवाणखान्यांत मात्र तिचा कोणी गिऱ्हाईक नव्हता. ह्याच काळांत कुत्रें मध्यम वर्गाच्या घरांत प्रतिष्ठा पावत होतें. १८५९ सालीं न्यूकॅसल येथें कुत्र्यांचें प्रदर्शन भरलें. १८७३ सालीं केनेल क्लब स्थापन झाला.

कुत्रें घरांत आलें, पण त्यास शिकविण्याची भाषा शिकारखान्यांतून आली. घोडा किंवा शिकारी कुत्रा वठणीवर आणण्यास इंग्रजींत जें क्रियापद लावीत, त्याचा मूळ अर्थ मोडणें असा आहे. हचिन्सन ह्यांच्या १८४८ सालच्या ग्रंथाचें नांवच 'डॉग ब्रेकिंग'. घरांतील शिस्तीसही 'हाउस-ब्रेकिंग' म्हणूं लागले. ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ घरफोडी, ही गंमत निराळी. मोडल्यावांचून वळत नाहीं, अशी समजूत ज्या शब्दांत भरली आहे, त्याच्या पाठोपाठ छडी यावयाचीच. घाण दिसली कीं कुत्र्यास तेथें ओढीत न्यावें, त्याचें नाक तींत घासावें व वर फटका द्यावा, ही रीत घरोघर रूढ झाली आणि अद्यापि पुष्कळ घरांत ती चालू आहे.

ह्या रीतीचा पाया शास्त्रानें हळूहळू उकरला. एडवर्ड थॉर्नडाइक ह्यांनीं १८९८ सालीं मांजरें व कुत्रीं पेटींत कोंडून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत असें दिसलें कीं, ज्या कृतीच्या मागोमाग सुख मिळतें ती कृति प्राण्याच्या अंगीं मुरते. पाव्हलोव्ह ह्यांनीं रशियांत कुत्र्यांवरच प्रयोग करून, दोन गोष्टींची सांगड बसण्यास त्या काळानें जवळ असाव्या लागतात, हें दाखविलें. जर्मनींतील पोलिसी कुत्र्यांचे शिक्षक कोनराड मोस्ट हे मृदु हाताचे खचित नव्हते. पण १९१० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनींही मनुष्याची नीतिकल्पना कुत्र्यावर लादण्याची चूक दाखवून दिली.

सर्वांत बोलका प्रयोग १९६८ सालीं रिचर्ड सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केला. कुत्र्यानें निषिद्ध अन्नास तोंड लावलें कीं त्यास वर्तमानपत्राच्या गुंडाळीचा फटका मिळे. कांहींस तत्क्षणीं, कांहींस पांच सेकंदांनीं, तर कांहींस पंधरा सेकंदांनीं. पुढें शिक्षक खोलींत नसतां त्यांची परीक्षा घेतली. तत्क्षणीं फटका खाल्लेलीं कुत्रीं दिवसचे दिवस त्या अन्नापासून दूर राहिलीं. पंधरा सेकंदांच्या विलंबानें मार खाल्लेल्यांनीं मात्र लौकरच त्यावर ताव मारला. ज्या न्यायास पंधरा सेकंदांचा उशीर सोसत नाहीं, तो कचेरींतून सायंकाळीं परतलेल्या यजमानानें सकाळच्या घाणीबद्दल करावा, ह्यांत न्याय कोणता?

ह्यावर नेहमींचें उत्तर असें असतें कीं, कुत्र्यास अपराध कळतो. आम्ही दारांत पाऊल टाकतांच तें कान पाडतें, शेपूट घालतें, नजर चुकवितें. १९७७ सालीं पीटर व्होल्मर ह्यांनीं ह्या पुराव्याची परीक्षा केली. एका घरांतील कुत्रें मागें राहिलें कीं कागद फाडी व मालकीण येतांच ओशाळें दिसे. मालकिणीनेंच त्याच्या नकळत कागद फाडून ठेविले व ती बाहेर जाऊन आली, तरीही कुत्रें तसेंच ओशाळें! २००९ सालीं न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजांतील अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्यांनीं चौदा कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. अपराधी मुद्रा ही अपराधावर अवलंबून नसून मालकाच्या रागावण्यावर अवलंबून आहे, असें त्यांत आढळलें. किंबहुना ज्यांनीं कांहींच केलें नव्हतें आणि तरी बोलणीं खाल्लीं, त्यांच्या तोंडावर ती अधिक ठळक होती. आपण जिला कबुलीजबाब समजतों ती निव्वळ भीति असते. सारमेय ह्या प्रयोगांत असता तर तोही गुन्हेगारच ठरला असता.

दंडापूर्वीं चौकशी कशी असावी, हें कुक्कुर जातकांत सांगितलें आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडी पट्टे पावसांत भिजले व रात्रीं कुत्र्यांनीं खाल्ले. बाहेरचीं कुत्रीं मोरींतून शिरलीं असावीं, असें सेवकांनीं सांगितलें, आणि राजानें वाड्यांतील खेरीजकरून दिसेल तें कुत्रें मारण्याची आज्ञा दिली. स्मशानांतील कुत्र्यांचा नायक झालेला बोधिसत्त्व राजापुढें गेला. त्याच्या सांगण्यावरून वाड्यांतील कुत्र्यांस ताकांत दर्भ कालवून पाजतांच त्यांनीं चामड्याचे तुकडे ओकून टाकले.

घरांतील घाणीचीही अशीच आधीं चौकशी व्हावयास पाहिजे. शिकलेलें कुत्रें एकाएकीं चुकूं लागलें तर मूत्रमार्गाचा दाह, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा वार्धक्य, ह्यांपैकीं कांहीं आहे काय, हें पशुवैद्याकडून पाहून घ्यावें. मोठ्या आवाजानें वा अंगावर वांकणाऱ्या मनुष्याच्या धाकानें पिलूं मुततें, तें शरणागतीचें चिन्ह होय. त्याबद्दल मारणें म्हणजे शरण आलेल्यावर शस्त्र चालविणें. रोग नसेल तर उपाय साधा आहे, मात्र चिकाटीचा आहे. पिलूं झोपेंतून उठतांच, खातांच, खेळून थांबतांच त्यास बाहेर न्यावें. तेथें कार्यभाग उरकतांच त्याच जागीं शाबासकी व खाऊ द्यावा. आणि मागाहून दिसलेली घाण, वास उरणार नाहीं अशा रीतीनें, न बोलतां पुसावी.

इतकें न केल्याचें प्रायश्चित्त कुत्र्यास घडतें. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या अखेरीस बारा आश्रयगृहांची पाहणी झाली, तेव्हां वर्तनास कंटाळून कुत्रीं आणून सोडणाऱ्यांनीं सांगितलेल्या मुख्य कारणांत घरांतील घाण हें एक होतें. आणि तेथें सोडलेल्या प्रत्येकास दुसरें घर मिळतें असें नाहीं. न्यूयॉर्कमध्यें मात्र १ ऑगस्ट १९७८ पासून कायद्यानेंच रस्त्यावरील घाण उचलण्याचें काम मालकाकडे दिलें व चुकल्यास दंडही त्यासच ठेविला. घराबाहेरच्या घाणीपुरती तरी जबाबदारी कोणाची, हें तेथें ठरलें. घराच्या आंत असा कायदा नाहीं. तेथें राजा, साक्षी व न्यायाधीश आपणच. म्हणून हात उगारण्यापूर्वीं सरमेचा प्रश्न आपणच आपणांस विचारावा, आणि त्यास उत्तर नसेल तर हात खालीं घ्यावा.