मेंदूतल्या काळ्या पेशी

कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्याचा प्रयोग आपण दरवर्षी करतो. एकदा तो आयोडीनचा थेंब न घालता करून पाहावा. पेशींच्या भिंती दिसतात, पण केंद्रक शोधता शोधता विद्यार्थी कंटाळून जातात. पेशीत पाण्याचा वाटा मोठा, आणि आतले बहुतेक घटक जवळजवळ सारखेच पारदर्शक. रंगद्रव्य एका घटकाला जास्त चिकटते, दुसऱ्याला कमी. या फरकामुळेच रचना उठून दिसते.

जर्मनीतील योझेफ फॉन गेर्लाख यांनी १८५८ मध्ये कोचिनील किड्यांपासून मिळणाऱ्या कार्माइन या लाल रंगाने मेंदूच्या ऊती रंगवल्या. पुढे कापड रंगवणाऱ्यांचे कृत्रिम रंगही प्रयोगशाळेत आले. स्नायू, यकृत, त्वचा यांचे छेद त्यांनी छान उलगडले. मेंदूने मात्र दाद दिली नाही. चेतापेशीला असंख्य फाटे असतात आणि शेजारणीचे फाटे त्यांत गुंतलेले असतात. हे रंग पेशीचा मधला भाग दाखवत, पण बारीक फाटे फार दूरवर दाखवत नसत. आणि सगळेच फाटे रंगले असते, तरी त्या गुंत्यात कोणता कोणाचा हे कसे कळणार?

म्हणून एक मोठा प्रश्न अडून राहिला. सजीवांचे शरीर सुट्या पेशींचे बनलेले असते, हा श्लायडेन आणि श्वान यांचा १८३८-३९ मधला सिद्धांत मेंदूलाही लागू पडतो का? गेर्लाख यांचे मत पडले की नाही. मेंदू म्हणजे एकमेकांत विलीन झालेल्या तंतूंचे अखंड जाळे.

इटलीत मिलानजवळ आब्बियातेग्रासो येथे दुर्धर रुग्णांसाठी एक रुग्णालय होते. तिथले तरुण डॉक्टर कामिल्लो गॉल्जी स्वयंपाकघरात मांडलेल्या छोट्या प्रयोगशाळेत काम करत. मेंदूचे तुकडे पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कडक करून त्यांनी ते सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पिवळसर पार्श्वभूमीवर मोजक्याच पेशी, पण शेवटच्या फाट्यापर्यंत काळ्याभोर. शंभरांत जेमतेम एक ते पाच पेशी रंगतात, बाकीच्या जणू तिथे नसतातच. हा दोष नव्हे, हाच या पद्धतीचा गुण!

यातले रसायन महाविद्यालयातल्या अनुमापनात आपण पाहिलेले असते. क्लोराइड संपले की क्रोमेटमुळे जो विटकरी साका पडतो, तोच हा सिल्व्हर क्रोमेट. पेशीत तो इतका दाट भरतो की काळा दिसतो. मात्र काही पेशींतच का भरतो, याचे पूर्ण समाधानकारक उत्तर अजूनही मिळालेले नाही. पद्धत लहरीही आहे. विद्यार्थिदशेत आम्ही ती करून पाहिली, तेव्हा पहिल्या सगळ्या काचपट्ट्यांवर नुसते स्फटिकच स्फटिक आले. काळी झाली ती फक्त आमची बोटे.

चौदा वर्षे या पद्धतीकडे फारसे कोणी वळले नाही. १८८७ मध्ये माद्रिदला लुइस सिमारो यांच्या घरी सांतियागो रामोन इ काहाल यांनी अशा काचपट्ट्या पाहिल्या. त्याच वर्षी ते बार्सिलोनात प्राध्यापक झाले आणि या पद्धतीमागे हात धुऊन लागले. त्यांनी चांदीची प्रक्रिया दोनदा केली, छेद जाड ठेवले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पक्ष्यांचे व सस्तन प्राण्यांचे भ्रूण आणि पिल्ले निवडली. प्रौढ मेंदूत अनेक तंतूंवर मायेलिनचे आवरण असते, तिथे चांदी नीट पोचत नाही. भ्रूणात ते तयार झालेले नसते. शिवाय तिथे गर्दीही कमी. दाट जंगलात झाड ओळखता येत नसेल तर रोपवाटिकेत जावे, तसे त्यांनी केले.

१८८८ मध्ये पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात त्यांना दिसले की एका पेशीचा तंतू दुसरीच्या अंगाभोवती टोपलीसारखा वेढा घालतो आणि तिथेच संपतो. विलीन होत नाही. स्पॅनिश भाषेतले हे लेखन बाहेर वाचणार कोण? म्हणून १८८९ मध्ये ते काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या शरीररचनाशास्त्रज्ञांच्या सभेला गेले. तिथे बुजुर्ग आल्बर्ट क्योलिकर यांची खात्री पटली. १८९१ मध्ये वाल्डायर यांनी सुट्या चेतापेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले.

गॉल्जींना हे कधीच मान्य झाले नाही. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, आणि त्या व्यासपीठावरूनही त्यांनी आपल्या भाषणात न्यूरॉनच्या सिद्धांतावर हल्ला चढवला. पद्धत त्यांचीच, निष्कर्ष उलटा! त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. पण दोन चेतापेशींमधली फट साधारण २० नॅनोमीटरची. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. म्हणजे ती फट काहालनाही दिसलेली नव्हती. फाटे संपताना दिसले, त्यावरून त्यांनी केलेले ते अनुमान होते. फट प्रत्यक्ष दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

त्याच सुमारास गॉल्जींचाही एक दावा खरा ठरला. १८९८ मध्ये, आपल्याच पद्धतीत बदल करून, त्यांनी घुबडाच्या चेतापेशींच्या आत एक बारीक जाळी पाहिली होती. हा रंगामुळे झालेला आभास असावा, असे अनेकांना पुढे अर्धशतक वाटत राहिले. पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो ते गॉल्जी संकुल म्हणजे हीच जाळी. गॉल्जी १९२६ मध्ये वारले, काहाल १९३४ मध्ये.